पुढची दोन चाकं

...आता मला सांगा, माणसानं मागावं तरी किती? साइड लाइटची काच द्या म्हणालो, तर बीडच्या त्या दुकानदारानं ट्रॅक्टरची काच पुढं केली. म्हणाला, "सर, काच ती काच. उजेडाशी मतलब." याला काय बोलणार? चौऱ्याण्णव साल चाललंय, देशाची दारं उघडली म्हणतात, धारूरच्या टपरीवर परदेशी थंड पेय मिळतंय, घरोघरी छत्र्या लावून कुठली कुठली चॅनलं दिसतायत... आणि माझ्या गाडीचा एक स्क्रू मिळत नाही. कारण मला ओरिजनल पाहिजे.

तर गाडी. सदतीस सालची विलायती स्पोर्ट कार, दोघांपुरती, नाक लांब, टप मागं दुमडणारा. निजामी संपता संपता एक जहागीरदार ती माझ्या सासऱ्यांच्या कापडदुकानासमोर सोडून गेला, तो परत आलाच नाही. आमची वरात तिच्यातूनच निघाली. म्हणजे निघणार होती. गाडी सुरूच होईना, मग पुढं बैल जुंपले. महानंदा, म्हणजे आमची ही, शालूतून हळूच म्हणाली, "ही स्वतःच्या पायानं चालत नाही का हो?" मी नवा नवरा, त्यात पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी. म्हणालो, "चालवीन. घाटातून नेईन तुला." एकोणचाळीस वर्षं झाली की. गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, येत्या गुढीपाडव्यानंतर गाडी चालवायचं विसरा. मी म्हणालो, डॉक्टर, विसरायला आधी चालवायला तर पाहिजे.

मग लागलो कामाला. सिरसाळ्याचा शहादेव मिस्त्री हाताशी धरला. इंजिन त्यानं जिवंत केलं, मागची दोन चाकं अडगळीत सापडली, पुढची दोन गायब. शहादेव म्हणाला, "सर, मारुतीची बसवू बे... आं, चुकलो, बसवू जी. लई पळंल." मी म्हणालो, नाही. तारांची चाकं होती, तारांचीच पाहिजेत. ओरिजनल पाहिजे. तो म्हणाला, "कावून पण? आत बसल्यावर चाकं कोन बघतंय?"

आता कावून, म्हणजे का, हे शहादेवला कसं सांगणार? तुम्हाला सांगतो, इथंच राहू द्या. माझी पीएच.डी. आहे, फिरत्या वस्तूंवर. तिच्यात माझं किती आणि माझ्या मार्गदर्शकांचं किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तीस वर्षं शिकवलं ते दुसऱ्यांच्या पुस्तकांतलं. म्हटलं, एक वस्तू तरी आयुष्यात अस्सल असावी. नंतर वाटलं, हा विचारसुद्धा मी कुठंतरी वाचलाय की काय...

असो. एक दिवस शहादेवच बातमी घेऊन आला. "सर, तुमची चाकं शिरूर कासारच्या बाजूला हायती. भिवराबाईच्या पान्याच्या गाड्याला. तुमच्या सासऱ्यानंच दिलती म्हनं, दुष्काळात." त्या रात्री मला स्वप्न पडलं. दोन चाकं, चांदीच्या तारांची, माळावरून आपली आपण चाललीत, आणि मी मागं पळतोय, दम न लागता.

गेलो. आणि चूक काय केली? दिवाळी उलटल्यावर गेलो. सगळं गाव ऊसतोडीला गेलेलं, दारांना कुलपं, मागं फक्त म्हातारी माणसं आणि शेळ्या. बदली म्हणून मी काय नेलं होतं? नवंकोरं प्लॅस्टिकचं पीप, निळं. भिवराबाईनं ते वाजवून बघितलं. म्हणाली, "ग्वाड हाय. पर मास्तर, पीप चालत न्हाई."

मी म्हणालो, "आजी, नवा गाडा करून देतो." तर म्हणे, "करनार कोन? सुतार, लोहार समदे तोडीला. पाडव्याला येतील." आणि मग अगदी सरळ म्हणाली, "तुमचं हाय ना, न्या. घागरी व्हायला आमाला डोकी हायती."

मी बसलो नट काढायला. फिरत्या वस्तूंवर पीएच.डी. झालेला माणूस, सकाळपासून दुपारपर्यंत फिरवतोय, नट हलत नाही. भोवती घागरी घेऊन आठ-दहा म्हाताऱ्या. एक म्हणाली, "शिकलेला दिसतोय." दुसरी म्हणाली, "म्हनूनच." शेवटी भिवराबाई म्हणाली, "मास्तर, टँकर येऊन जाईल. आधी पानी आनू, मग तुमी निवांत खोला."

बैल? बैल तोडीला. मग गाडा ढकलायचा कुणी? तुम्हाला सांगतो, मी ढकलला. आणि काय चाललीत ती चाकं... कसला आवाज नाही, हिसका नाही, पाण्याचं टिपाड काठोकाठ भरलेलं आणि थेंब सांडत नाही, तारांमधून ऊन चाळून खाली पडतंय, मी सावलीच्या त्या नक्षीकडं बघत चाललोय, म्हाताऱ्या मागं बोलतायत, त्याही लांबून ऐकू येतायत... सत्तावन्न वर्षांची चाकं हो. पोचलो कधी ते कळलं नाही. भिवराबाई म्हणाली, "आता खोला." मी म्हणालो, "आज उशीर झाला."

परतीच्या एसटीत आठवलं, एका बाजूचा नट उलट्या आट्याचा असतो. मी दुपारपर्यंत तो आणखी घट्ट करत होतो. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग उद्या जा परत. आता तर कळलंय ना कसा खोलायचा?" मी म्हणालो, "कळलंय म्हणूनच जात नाही." मग म्हणाली, "मारुतीची बसवा की." म्हणालो, नाही. ओरिजनल पाहिजे. आणि ओरिजनल पाणी वाहतायत.

तर आता असं आहे. पुढं विटांचे दोन ढीग, त्यांवर गाडी. रोज संध्याकाळी ही नऊवारी सावरून शेजारी बसते, मी न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करतो. काल डोळे मिटून म्हणाली, "घाट लागला का हो?" म्हणालो, लागला. "केवढा गार वारा आहे," म्हणाली. वारा कुठला, शेजारच्या केसरबाई सुपानं धान्य पाखडत होत्या. मी जरा अॅक्सिलरेटर दाबला. तशी हिनं माझा दंड घट्ट धरला, "अहो, वळण आहे, हळू घ्या..."

आणि तुम्हाला सांगतो, मी घेतली हळू.