हजेरीच्या मशीननं घेतलेली ओळख

नवी मशीनं फार शहाणी असतात, असं मला कोणी सांगू नका. माझी धाकटी लेक सुनीता एका फायनान्स कंपनीत हिशेबाचं काम करते आणि कबड्डीही खेळते. गेल्या साली तिनं आमच्या खडकीच्या संघाला फायनल जिंकून दिली, पण कुणाचा तरी गुडघा नाकावर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर तोंड भोपळ्याएवढं झालेलं. त्याच दिवशी दहा वाजता मोठ्या साहेबांसमोर तिला काम दाखवायचं होतं. ते जमलं तरच नोकरी कायम होणार होती. म्हणून मीच तिला सोडायला गेलो.

कंपनीच्या दारावर हजेरीचं मशीन. चेहरा ओळखला तरच दार उघडतं. पोरगी पुन्हा पुन्हा समोर उभी राहिली, मशीन ढिम्म.

वॉचमन म्हणाला, "मशीनच्या मते या बाई इथं कामाला नाहीत."

"अरे, काल अख्ख्या खडकीनं हिला खांद्यावर नाचवलं!"

"ते मशीनला सांगा, काका. मला काय सांगता?"

मग मी मशीनच्याच तोंडाला लागलो. अगदी जवळ जाऊन ओरडलो, "डोळे फुटले का रे तुझे?"

टुंग वाजलं, दार उघडलं आणि मशीनमधून गोड आवाज आला, "सुप्रभात, सुनीता!"

मिशीसकट मला!

पोरगी नाक धरून हसत आत पळाली. संध्याकाळी नोकरी कायम करूनच बाहेर आली.

आता तिला आणायला गेलो की तो वॉचमन खुर्चीतून उठतो, सलाम ठोकतो आणि म्हणतो, "या मॅडम, आज उशीर केलात."