सातवा की आठवा

दुपारपर्यंत माझं मौनव्रत होतं, म्हणून गॅरेजच्या बाकावर मी मुकाट बसले होते. समोर शर्यतीच्या गाडीच्या उघड्या इंजिनावर बापलेक वाकली होती. नट पुरता आवळला की लेकीच्या हातातला पाना ‘कट्’ वाजायचा.

“इंजिनाच्या हेडचे आटेवाले स्टड बोटांनीच बसवलेस ना?”

“हो बाबा. तुमच्यासारखे पान्याने पिळले नाहीत.”

“आता त्यांच्यावरचे नट मधल्यापासून बाहेरच्याकडे आवळत जा. दहा आहेत, मी मोजतो.”

“खडूने खूण करत जाऊ का?”

“तीस वर्षं मनात मोजतोय मी.”

“म्हणूनच मागच्या शर्यतीत एक ढिला राहिला, आणि मी निम्म्या वाटेत धूर काढत उभी.”

“धूर गाडीने काढला. तू नुसती नाक मुरडत होतीस.”

“उद्या पुन्हा तसं झालं, तर संघातून काढतील मला.”

“नाही होणार. हा सातवा झाला.”

“आठवा ना?”

“बोलायला लावलंस ना मला.”

लेक माझ्याकडे वळली.

“मावशी, तुम्ही केव्हाच्या बघताय. किती झाले?”

मी माळ मांडीवर ठेवली आणि सहा बोटं वर केली.

“दे गं तो खडू.”