डबा परत करताना

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज मागच्या खांबापर्यंत पोचत नाही, असं आमचे पेटीवाले अण्णा मला दर वर्षी सांगतात. गाणं तर त्याहून बेताचं. तेव्हा आज मी गाणार थोडं आणि सांगणार जास्त.

पूर्वरंगात आपण त्यागाबद्दल बोललो. आता प्रश्न असा – माणसानं घरातलं सगळं देऊन टाकलं, भिंती उघड्या केल्या, तर तो मोकळा झाला का? इतक्यात माना डोलावू नका. मलाही उत्तर नीट ठाऊक नाही. पोथ्यांत पुष्कळ शोधलं. थोडंफार हाती लागलं ते रेवदंड्यातल्या एका स्वयंपाकघरात. ऐका.

रेवदंड्याला कुमुद टिपणीस म्हणून चित्रकलेच्या बाई होत्या. एकट्याच राहायच्या. निवृत्त झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, आता ठाण्याला माझ्याकडे ये." भाच्याचं घर लहान. मग सामानाचं काय? तुम्ही-आम्ही भंगारवाला बोलावला असता. पण या पडल्या चित्रकार! म्हणाल्या, "हेच माझं शेवटचं चित्र." एकेक वस्तू द्यायची, पण जिथे तिला अर्थ येईल तिथेच. आणि वस्तू गेली, की तिच्या जागी भिंतीवर गेरूनं तिची नुसती कड रेखायची. घर रिकामं झालं, की गावाला बघायला बोलवायचं.

शेजारी एक नवी सून आली होती. त्यांच्या घरातला आरसा नवऱ्याच्या उंचीनं टांगलेला. बिचारीला त्यात आपलं कपाळ तेवढं दिसायचं. बाईंनी आपला उभा आरसा तिला दिला. पुढे पळणारं घड्याळ एसटी स्टँडवरच्या साहेबांना दिलं – का, ते एसटीनं येणाऱ्यांना सांगायला नको. चुलतभाऊ नाना आला. म्हणाला, "कुमुद, ते लोखंडी कपाट मला दे."

"तुझ्याकडे दोन आहेत ना?"

"ती भरलीत."

"मग आधी ती उघड. काय निघतं ते मला येऊन सांग."

नाना परत आला नाही. तुम्ही हसताय, पण नाना आपल्यातही बसलेत बरं.

तर घर रिकामं होत गेलं, भिंती चित्रांनी भरत गेल्या. शेवटी स्वयंपाकघरातली वरची फळी राहिली. तिथे एक पितळी डबा होता. बाईंनी तो उतरवला, धूळ पुसली. झाकणावर नाव कोरलेलं – द्वारका म्हात्रे.

ही द्वारका कोण? मागच्या आळीतली, बाईंची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या लेकीचं लग्न होतं, त्याच दिवशी बाईंच्या चित्रांचं पुण्यात प्रदर्शन. बाई प्रदर्शनाला गेल्या. तरी द्वारकानं लग्नाचे लाडू धाडले, याच डब्यातून. आता आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर तरी घालतात. पण त्या लाडवांच्या बदल्यात घालावं काय? बाईंना सुचेना. आज देऊ, उद्या देऊ, असं करता करता वर्षं गेली. द्वारकाला वाटलं, हिला माझा डबासुद्धा परत करावासा वाटत नाही. वाटेत समोर आल्या, की एक इकडे बघायची, एक तिकडे.

आता गाव सोडायचं, आणि हा डबा हातात. बाईंनी काय करावं? डबा घासला आणि त्यावर फुलं रंगवली, झाकणभर, सुंदर. कामाला येणाऱ्या ताराबरोबर पाठवला. निरोप दिला, "सांग, कुमुदनं भेट दिलीय."

चुकलं ना? कुठे चुकलं?

तारा तासाभरात डबा घेऊन परत. "द्वारकाकाकी म्हणाली, बाईंना सांग, माझीच वस्तू मला भेट देऊ नका. वर माझं नाव पण रंगवून टाकलंत."

भिंतीवर इतक्या रेषा, आणि जिच्यासाठी जीव तुटत होता तेच एक माणूस हातचं गेलं. बाईंनी डबा उचलला, तर आतून खुळखुळला. उघडून बघतात तर मूठभर कडवे वाल! रागावली होती, तरी द्वारकाच्या हातानं डबा रिकामा पाठवला नव्हता.

मग बाईंनी वाल भिजत घातले, फडक्यात बांधले, मोड आणले. डब्यावरची फुलं खरवडून काढली. नाव पुन्हा वर आलं. मोडाचे वाल त्याच डब्यात भरून, गुडघे सांभाळत, स्वतः म्हात्र्यांच्या ओटीवर जाऊन बसल्या आणि सोलायला लागल्या. वालाचं बिरडं करायचं म्हणजे एकेक वाल सोलून आतली डाळिंबी अख्खी काढायची, आणि ते एकटीचं काम नव्हे, हे बायकांना सांगायला नको.

द्वारका दारात येऊन उभी राहिली.

"काय गो," ती म्हणाली, "डबा माझा, वाल माझे, ओटी माझी. तुझं काय आहे यात?"

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "चूक माझी आहे. लेकीच्या लग्नाला यायला हवं होतं मी. बाकी सगळं वाटून झालंय, द्वारका. हे एवढंच द्यायचं राहिलंय."

द्वारका समोर बसली, अर्धे वाल पुढ्यात ओढले. थोड्या वेळानं म्हणाली, "तुला अजून सोलता येत नाही. डाळिंब्या मोडतेयस."

मंडळी, याला मी क्षमा म्हणतो. तुम्हाला याहून चांगला शब्द सुचला तर मला सांगा.

पुढे घर बघायला सगळं गाव आलं. द्वारका थेट स्वयंपाकघरात. "माझ्या डब्याची रेघ कुठाय?"

"तो माझा नव्हताच. दिला असं कसं म्हणू?"

"इतकी वर्षं राहिला ना इथे?" द्वारकानं गेरू घेतला आणि फळीच्या वर एक वाकडातिकडा गोल काढला. बाईंनी तो सुधारला नाही. एवढ्या घरात तेवढी एकच रेघ दुसऱ्याच्या हातची. लोक तिथेच जास्त वेळ थांबायचे.

माझ्या तोकड्या समजुतीप्रमाणे सांगतो. आपलं दुसऱ्याला देणं चांगलंच. पण ज्याचं त्याला परत करणं अवघड, कारण तिथे आपण दाते नसतो. आज घरी गेल्यावर वरच्या फळीवर हात फिरवा. कुणाचं तरी नाव हाताला लागेल. उद्या सकाळी निघा, स्वतः जा, कुणाच्या हाती पाठवू नका. आत काय घालायचं सुचलं नाही, तर खरं तेच घाला.

आता आरतीला उभे राहू. आणि हो, गेल्या उत्सवापासून देवळाची मोठी पळी दिसत नाही. कुणाकडे असेल ते मी विचारणार नाही. फक्त येताना चिमूटभर साखर आणा.