जिकडं अळी गप्प, तिकडं औरंगाबाद

...आणि रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही, तुम्हाला सांगते! कशापायी? तर दुसऱ्या दिवशी चार वाजता शाळेच्या बाईंनी आमच्या कालिंदीला विचारलं, 'बाळ, तू कुठं राहतेस?' आणि ती गप्प बसली तर? साडेचार वर्षांची पोर, घरी पत्ता पिनकोडसकट घडाघडा म्हणते, पण परकं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप! चाळीस जागा, चारशे अर्ज, मुलाखत एकदाच, चुकली की नाव गेलं. आणि आदल्या रात्री आम्ही कुठं? पिशोरला! ह्यांच्या हाताखालच्या सूर्यभान फिटरच्या घराची वास्तुशांत! मी म्हटलं, मुलाखत होऊ द्या, मग जाऊ. तर हे, ''अगं, सकाळी निघालो की दोन तासांत औरंगाबादला घरी!'' मला पटत नव्हतं... पण म्हटलं, माझंच चुकत असेल!

दहाला निघालो. स्कूटर, पुढं कालिंदी उभी, मागं मी. तर कन्नडच्या रस्त्यावर नामांतराचा रास्ता रोको! बसले होते बिचारे रस्त्यावर, आणि का बसू नये हो? विद्यापीठाला नाव द्यायचं, तर पंधरा वर्षं नुसतं 'बघू, बघू'! त्यातला एक कार्यकर्ता, भला माणूस, मला म्हणाला, ''ताई, लेकरू हाये संगं, आतल्या रस्त्यानं जावा. विचारत विचारत जावा, पोचता.''

विचारत विचारत! आणि आमचे हे? हे आणि विचारणार?

वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत ना! तिथं मशीन बसवायला आलेल्या जर्मन साहेबानं जाताना ह्यांना एक यंत्र दिलेलं, अर्ध्या विटेएवढं. ते म्हणे आकाशातल्या उपग्रहांचं ऐकून आपण पृथ्वीवर नेमके कुठं आहोत ते सांगतं. पृथ्वीवर! आम्हाला पृथ्वी नको होती हो, फुलंब्रीचा फाटा हवा होता! दोन्हीकडं डोंगर, मधे खोल दरी, आभाळ असं भरलेलं की सूर्यसुद्धा रजेवर. हे दगडावर चढून यंत्र डोक्यावर धरून उभे. ''चार उपग्रह लागतात गं, दोनच दिसतायत.'' मला एक बैलगाडीवाला दिसत होता, चांगला धडधाकट! म्हटलं, त्याला विचारू? ''छे! माणसं अंदाजानं सांगतात!'' गेला तो. शी!

मग ह्यांना ट्रान्झिस्टर आठवला. क्रिकेटसाठी पिशवीत असतोच. म्हणाले, ''उपग्रह नसेना का, आकाशवाणी तर आहे! आत एरियलची एक कांडी असते. कांडीचं टोक औरंगाबाद केंद्राकडं गेलं की आवाज बंद पडतो. आवाज पडला, ती दिशा!'' लावला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू, हरभऱ्यावरची घाटेअळी! हे रेडिओ पोटाशी धरून गरागरा फिरतायत, आणि आतून, ''शेतकरी बंधूंनो, अळी दिसताच...'' आणि एकदम चिडीचूप. ''सापडलं! जिकडं अळी गप्प, तिकडं औरंगाबाद!''

आता मी बी.एस्सी. आहे हो, फिजिक्स. सेकंड क्लास असेल, पण आहे. म्हटलं, ''अहो, कांडीला टोकं दोन असतात. उलटं फिरवलं तरी अळी गप्पच बसेल. मग ह्या टोकाला औरंगाबाद की त्या?'' तर ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी चहात मीठ घातलंय! ''मीनाक्षी, तू फक्त रेडिओ धर.''

धरला. म्हटलं, माझंच चुकत असेल!

आणि स्कूटर चालू असली की रेडिओत नुसतं खर्रर्र! म्हणून दर दोन मैलांनी थांबायचं, इंजिन बंद करायचं, अळी ऐकायची, गोल फिरायचं, स्कूटर आडवी करून पुन्हा किका मारायच्या! पाचव्या थांब्याला अळी माशीएवढी ऐकू यायला लागली. गावाजवळ चाललो तर आवाज मोठा व्हायला नको? बोलले का मी? नाही बोलले! पण कालिंदी बोलली. ''आई, रेडिओतले काका लांब चाललेत का गं?''

तेवढ्यात मेंढरं आडवी आली. मेंढरांमागं केरबा नावाचे एक बाबा. ह्या वेळी मी विचारलं, ह्यांच्याकडं न बघता! ''बाबा, औरंगाबाद?''

''औरंगाबाद? ते तर मागं टाकून आलात की, बाई!''

हे म्हणतात, ''अहो, पण सिग्नल सांगतोय...''

''व्हय का? मंग त्याच्यातच बसून जावा! म्या आपला रोज चालतो, मला काय कळतंय. पर लेकराला दिस मावळायच्या आत पोचवा, लई गारठा पडतो हितं.''

वळलो. आणि वळल्यावर हे काय म्हणाले ऐका! ''पद्धत बरोबर होती. फक्त टोक चुकलं.''

फक्त टोक! संसारात तरी दुसरं काय चुकतं हो?

डोंगर उतरून, दौलताबादला वळसा घालून औरंगाबादच्या वेशीवर, पडेगावात शिरलो, समोर ही एवढी पाटी 'पडेगाव', आणि पिशवीतलं यंत्र पिपिप करायला लागलं. हे आनंदानं ओरडले, ''सापडले! चारही उपग्रह! आपण पडेगावात आहोत!''

चार वाजून वीस मिनिटांनी शाळेत. केसांत धूळ, साडीला मेंढराची लोकर, बाई उठायच्या बेतात. मी हात जोडले. त्यांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा माझा अवतार, आणि बसल्या. ''बाळ, तू कुठं राहतेस?''

कालिंदी गप्प.

माझे ओठ हलले, तशी बाईंनी डोळ्यांनीच दटावलं. हे भिंतीला टेकून यंत्र पुसत होते. बाईंनी पुन्हा, अगदी मायेनं, ''तुझं घर कुठंय, माहीत नाही तुला?''

कालिंदीनं आधी बाबांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग बाईंना म्हणाली, ''आईला माहीत असतं. पण ती सांगत नाही.''