साबण निघेपर्यंत

— लावा ना हात, काका, बंदच आहे ते मशीन. यानंच तो पाणी थरथरवायचा. आवाज असा की दात शिवशिवायचे! फोनवर सांगायचा ना तुम्हाला, 'बाबा, कार्बनच्या नळ्या, केसाहून हजारो पट बारीक'? आणि तुम्ही आपले 'हं, हं' — हसलात! तोही हसायचा त्यावर. अहो, त्या नळ्या एकमेकींना अशा चिकटतात की नुसत्या पाण्यात सुट्ट्या होतच नाहीत — साबणासारखं काहीतरी घालावं लागतं. म्हणून तर इथं लॅबमध्ये सगळे त्याला साबणवाला म्हणायचे. मग शाईसारखं पाणी होतं, ते गाळलं की गाळणीवर काळा पापुद्रा बसतो. पण साबण मेला आतच अडकतो — वीज नीट जात नाही. धुवायचा, पण किती? जास्त धुतला तर पापुद्रा सुटून फाटेल, या धाकानं आम्ही तासाभरात नळ बंद करायचो. दरवेळी. दरवेळी साबण उरलेलाच.

त्या दिवशीही थेंब थेंब पाणी सोडून तो खाली गेला, 'खायला आणतो काहीतरी' म्हणाला — आणि फाटकासमोर तो ट्रक... असो, तुम्हाला सगळं माहीतच आहे. आम्ही होतो तसे पळालो. नळ कोण बंद करणार? कुणाला शुद्ध होती? मी परत आले ती सगळं उरकल्यावर. पाणी पडतच होतं, काका. आणि पापुद्रा अख्खा! साबणाचा मागमूस नाही, वीज सरळ आरपार. मी मीटर बघितलं आणि त्याला हाक मारली — मोठ्यानं, 'अरे, बघ ना' म्हणून.

आता सगळे येऊन माझं अभिनंदन करतात. कशाबद्दल? तो परत आला असता, तर त्यानंच नळ बंद केला असता ना?

ही घ्या पिशवी. पुस्तकं, चष्म्याची डबी, चपला — निळा स्वेटर? तो इथं नाही, घरी खुर्चीवरच... म्हणजे त्याच्या — नाही. माझ्या घरी. आमच्या. सांगणारच होतो तुम्हाला, सुट्टीत दोघं मिळून येणार होतो. काकूंना कसं सांगायचं, म्हणून तो नुसता घाबरायचा... स्वेटर तेवढा मागू नका.

असं बघू नका माझ्याकडे. जा तुम्ही, गाडी थांबलीय खाली. काकूंना — नको, काहीच सांगू नका. पिशवी जड आहे. दोन्ही हातांनी धरा.