"आता तुझा रिपोर्ट दे"

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मेट्रनबाई, त्यांच्या घरची माणसं आणि ड्यूटी सांभाळून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मघाशी मोठे डॉक्टर म्हणाले, बाई कधी कुणावर चिडल्या नाहीत. साहेब, आम्हाला विचारलं असतंत तर! चादरीला सुरकुती दिसली की बाई आमची बिनपाण्याने करायच्या. असो.

माझी आई आमच्याच वॉर्डात गेली, माझ्याच ड्यूटीत. रजा संपवून मी कामावर आले, तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हता. सगळे म्हणाले, काय खंबीर पोरगी! खंबीर कसली? पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसत होते, घरी वडिलांशी धड बोलत नव्हते. नोकरी सोडायचं मनात पक्कं झालं होतं.

एका दुपारी पाळी बदलताना मी बाईंना एकेका पेशंटचा रिपोर्ट दिला. त्या म्हणाल्या, "आता तुझा दे."

"मी बरी आहे, बाई."

"पेशंटबद्दल एवढं मोघम सांगितलंस तर ऐकून घेईन का मी? झोप? जेवण? दुखतंय कुठे?"

म्हटलं, ही काय थट्टा! पण सवय वाईट, विचारलं की सांगायचं. झोप नाही. घास उतरत नाही. राग येतो. कुणाचा? हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. बाई चादरींच्या घड्या घालत राहिल्या. मग तोंडून निघून गेलं, "शेवटी मी तिची नाडी बघत बसले हो. तिचा हात नुसता हातात घेतलाच नाही."

"तेव्हा तू नर्स होतीस," बाई म्हणाल्या. "मुलगी व्हायचं राहून गेलं. वडील आहेत ना घरी? जा, त्यांच्यापाशी बैस."

गेले. आईबद्दल बोलत बसलो. रडू तेव्हाही आलं नाही, पण घास उतरला. नोकरीही टिकली. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही हं! अजूनही घरी निघण्याआधी कपडे बदलायच्या खोलीत घटकाभर बसते, स्वतःची विचारपूस करते. उत्तर दरवेळी आवडतंच असं नाही. पण कुणाचा राग कुणावर काढतेय, ते कळतं.

मैत्रिणींनो, तापाचं कारण सापडल्याशिवाय आपण पेशंटला घरी सोडत नाही. मग स्वतःलाच का "बरी आहे" म्हणून पाठवून देतो?

संयोजकांचे आभार. वॉर्ड सांभाळायला मागे थांबलेल्यांचे तर जास्तच. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पदरात घ्या. मात्र आत्ता चारचौघांत मला रडू आलंय, त्याची क्षमा मागत नाही. आईसाठी हे एवढं पाणी यायला फार वर्षं लागली.