बाटलीच्या गळ्यात कडुनिंब

अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे प्रमुख उत्तमरावसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डॉक्टर शकुनताई, आणि मागच्या ओळींत लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या बायांनो,

"दूध का दाखवाची चीज आहे, बाई?"

काही वर्षांपूर्वी बार्शीटाकळीजवळ एका ओट्यावर मनकर्णाबाईंनी आम्हाला असं विचारलं होतं. मी नोकरीत नवखी. ताईंच्या हातात रिकामी बाटली. पिकावर फवारलेलं औषध आईच्या दुधात किती उतरतं, ते मोजायचं होतं. मनकर्णाबाईंची सून रूपाली बाळंतीण, आणि घराला लागूनच त्यांचा वांग्यांचा मळा.

"नोका दाखवू," ताई म्हणाल्या. "मी डोये मिटतो. पदराखाली भरा."

आणि खरंच मिटले! तेवढ्यात बकरीनं त्यांच्या ओढणीचं टोक खाल्लं, तरी उघडले नाहीत.

अमरावतीला प्रयोगशाळेत आल्यावर यंत्रानं त्या दुधात भलतंच काही दाखवलं. नवं विष सापडलं म्हणून पेढे कुणी मागवले होते, साहेब? नाव घेत नाही. निघाला कडुनिंब! नजर लागू नये म्हणून मनकर्णाबाईंनी बाटलीला आतून पाला चोळला होता. ताई पुन्हा गेल्या. रागावल्या? छे! म्हणाल्या, "आजी, पाला बाहेरून बांधा." तेव्हापासून आमच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात डहाळी असते. बाहेरचे शास्त्रज्ञ विचारतात, तेव्हा आम्ही गंभीरपणे सांगतो, "ही इथली पद्धत आहे."

रूपालीची ती लेक आता शाळेत जाते. आज मांडीवर दुसरं आहे. त्याच्या वेळीही बाटली नेली. परवा गावात गेलो, तर तिनं ताईंना अडवलं.

"ताई, याले पाजू का नोको?"

"पाज. बिनघोर पाज."

"ते तं सासूबी सांगते. माया दुधात औषध किती, ते कावून नाही सांगत? आकडा समजला तं घरापाशी फवारा मारूच देत नाही मी कोणाले."

परतताना ताईंनी मूर्तिजापूरपर्यंत एकाच बाटलीची डहाळी तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. त्यांना ओळखणाऱ्यांना कळेल, ही केवढी आणीबाणी! मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्याकडे बघवेना.

आकडे सांगितले तर बायांत भीती पसरेल, असं आपलं कार्यालय म्हणतं. साहेब, भीती केव्हाच पसरली. आकडा तेवढा मागे राहिला.

असो. संयोजकांचे मनापासून आभार. मागच्या ओळींना आमंत्रण त्यांनी नव्हे, मी दिलं. तो आगाऊपणा आणि बोलण्यातलं उणंदुणं आज पोटात घाला.

एकच मागणं. ताई संध्याकाळपर्यंत नोकरीत आहेत. शाल-श्रीफळ जरा थांबू द्या. आधी परवानगी द्या, ताईंना खाली उतरून प्रत्येकीला तिचा आकडा तिच्या कानात सांगू द्या. आपण 'नाही'च म्हणणार, ठाऊक आहे. फक्त मान हलवाल ती सावकाश हलवा, साहेब. सगळ्या बाया बघून राहिल्या आहेत.